कुंकवाचं मेण आणि काळी मोटार

त्यांच्या कायद्याच्या पुस्तकांना ऊन दाखवायचं म्हणून परवा मी कपाट उघडलं. आमचे हे जाऊन सव्वा महिना झाला. पुस्तकं एका तरुण वकिलाला द्यायची ठरली आहेत. देण्याआधी प्रत्येक पुस्तक झटकून घ्यायला हवं होतं, कारण पुस्तकात काहीही ठेवायची त्यांना सवय होती. पहिल्या तीन पुस्तकांतून वाळलेलं तुळशीचं पान, दाढीच्या पात्याचा कागद आणि घरभर शोधूनही न सापडलेलं माझ्या माहेरचं एक पत्र निघालं. चौथं पुस्तक जमीन महसुलाचं होतं. त्यातून एक पिवळा पडलेला उर्दू छापील कागद खाली आला. तळाशी कसरीनं खाऊन पाडलेलं भोक, आणि भोकाला मागून लावलेलं पांढऱ्या कागदाचं ठिगळ.

मी तिथेच जमिनीवर बसले आणि हसायला लागले. समाचाराला आलेल्या शेजारच्या बाई ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी पदर तोंडाशी नेला. मला वेड लागलं असं त्यांना वाटलं असावं, आणि तेव्हा समजावून सांगणं मला जमलं नाही. म्हणून आता सावकाश लिहिते आहे. तो कागद मोटार धुण्याचा होता.

तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि आम्ही जालन्यात राहत होतो. सासर मूळचं केदारखेड्याचं, शेतकऱ्याचं. घरात वकील झाले ते हेच पहिले. कोर्टाचं काम उर्दूत चाले, आणि उर्दू त्यांच्या अंगात इतकी मुरली होती की भाजीत मीठ कमी असलं तरी ते त्याची आधी तक्रार, मग पुरावा आणि मग मागणी अशा क्रमानं सांगत. एक इंजिनियर साहेब नोकरी संपवून हैदराबादेला परत निघाले, तेव्हा त्यांची जुनी काळी मोटार यांनी घेतली. ती अंगणात आली त्या दिवशी सासूबाईंनी तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि विचारलं, "हिला बांधायचं कुठं?"

मोटार चाले. पण तिचा काळा रंग असा विटला होता की तिच्यावर बोटानं लिहिता येई. मी एकदा दुधाचा हिशेब दारावर लिहिला होता आणि तो चार दिवस राहिला.

त्याच वर्षी माझ्या नणंदेचं लग्न ठरलं. मुलाकडचे घनसावंगीकडचे, मोठी शेती, आणि घरात शब्द चाले तो नवरदेवाच्या आजोबांचा. सुपारी फुटली त्या दिवशी हे आजोबा आमच्या ओट्यावर लोडाला टेकून बसले आणि त्यांची नजर अंगणात गेली.

"मोटार घेतली म्हणे, वकीलसाहेब?"

"घेतली."

"खाती काय?"

"पेट्रोल."

"अन् देती काय?"

हे मनातल्या मनात कलम धुंडायला लागले. आजोबांनी मिशी चाचपली. "आमच्या बैलांच्या शिंगांत तोंड दिसतं. मिशीला पीळ भरायचा तर मी आरसा न्हाई धुंडत, बैल धुंडतो. तुमच्या मोटारीत दिसतं का?"

हे शांत माणूस होते. वाद घालत ते फक्त कोर्टात. पण ओट्यावर कोर्टातले चार वकील बसलेले होते आणि चौघंही यांच्याकडे बघत होते. हे म्हणाले, "लग्नाच्या दिवशी दिसेल."

"बराबर? दिसलं तर नवरदेव मोटारीत बसल. न्हाई दिसलं तर आमच्या दमणीत. अन् मोटार मागून यील, हळूहळू. भोंगा वाजवायचा न्हाई, बैल बुजतेत."

दमणी म्हणजे दोन बैलांची हलकी, छत असलेली गाडी. त्यांच्या दमणीला घुंगरं होती आणि झूल होती. तिच्या मागून, बैलांच्या चालीनं, सगळ्या जालन्याच्या देखत रिकामी मोटार हाकत यायची! पाहुणे गेल्यावर यांनी मोटारीच्या दारापाशी वाकून पाहिलं. मग मला म्हणाले, "हिच्यात तोंड दिसलं नाही, तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही." असं म्हणून ते थबकले. आपण विनोद केला हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांना ते आवडलं नाही.

मोटारीच्या हत्यारांच्या पेटीत इंजिनियर साहेबांनी दोन डबे आणि हा कागद ठेवला होता. एका डब्यात अर्धं पॉलिश होतं. दुसऱ्या डब्यावर "मोम" असं लिहिलेलं, पण आत खिळे आणि एक मेलेलं झुरळ. कागद मात्र तपशिलाचा होता. लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी यांनी चष्मा लावला, ओट्यावर उभे राहिले आणि आम्हा तिघांना समोर उभं केलं. मी, सासूबाई आणि आमचा गडी. गडी म्हणजे सासऱ्यांच्या वेळचा माणूस, उंच, काळासावळा, म्हशींवर जीव असलेला. लिखापढीवर त्याचा विश्वास नव्हता.

"दफा एक," हे म्हणाले. कागदावर नुसते आकडे होते, दफा, म्हणजे कोर्टाचं कलम, यांनी घातली. "गाडी को साये में खडा करें. म्हणजे मोटार सावलीत लावा."

मोटार मांडवाखाली ढकलली. इथवर सगळं कायदेशीर झालं.

"दफा दोन. पहले पानी से गर्द बहा दें, सूखा कपडा हरगिज न फेरें. आधी नुसत्या पाण्यानं धूळ वाहून जाऊ द्या. कोरडं फडकं फिरवायचं नाही, बिलकुल नाही."

गडी हळूच म्हणाला, "मालक, म्या सकाळीच फिरवलं."

"काय फिरवलं?"

"गोणपाट."

आम्ही सगळे मोटारीच्या डाव्या बाजूला गेलो. चाकावरच्या पत्र्यावर मांजरांनी भांडण मिटवल्यासारखे ओरखडे होते. यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा पाहिलं. मग म्हणाले, "नवरदेवाला उजवीकडून बसवू."

आडावरून घागरी आल्या. गडी पाणी मारायला लागला ते म्हशीला मारावं तसं, आधी पायांवर, मग पोटावर, आणि मधूनमधून "हूं, फिर" असं मोटारीला म्हणत. ती फिरेना तेव्हा तोच फिरला. "वरून खाली!" हे ओरडले, "कागदात वरून खाली लिहिलंय." गडी म्हणाला, "म्हशीला वरून पाणी टाकलं तर ती बिचकती, मालक." तरी टपावर चढून त्यानं वरून चार घागरी ओतल्या. त्यातली एक यांच्या अंगावर आली.

तिसऱ्या दफेत साबणाचा फेस होता. अंगाचा साबण मोटारीला द्यायला सासूबाई तयार होईनात. त्यांनी रिठे भिजवले आणि खळखळून फेस काढला, आणि खरं सांगायचं तर तो साबणाहून चांगला निघाला. फक्त गड्यानं एका हातात काथ्या आणि दुसऱ्या हातात चुलीतली राख घेतली होती. घंगाळ घासतात तसं घासायचा त्याचा विचार होता. मी वेळेवर त्याचा हात धरला. चौथ्या दफेत मऊ कपड्यानं कोरडं करायचं होतं, पाण्याचा डाग राहू न देता. घरात सगळ्यात मऊ कपडा कोणता याचा शोध घेतला तर ते यांचं लग्नात नेसायचं नवं धोतर निघालं. सासूबाईंनी चौकशी न करता त्याचे दोन तुकडे केले.

"आई!"

"तोंड दिसू दे म्हनलास ना तूच? मंग धोतर दिसलं न्हाई तर चालतंय."

पाचवी दफा पॉलिशची. थोडं पॉलिश फडक्यावर घ्यायचं आणि गोल गोल, एका जागी जोर न देता फिरवायचं. यात सासूबाईंना कोणी शिकवायची गरज नव्हती. त्यांनी पदर खोचला, पुढच्या, इंजिनावरच्या झाकणापाशी उभ्या राहिल्या आणि जात्यावर बसल्यासारखा हात फिरवायला लागल्या. अर्धा तास हात एका लयीत फिरत होता. मधेच त्या काहीतरी गुणगुणत होत्या आणि लक्षात आल्यावर गप्प झाल्या. फडकं काळं व्हायला लागलं, वरचा विटका थर सुटत गेला आणि खालून खरा काळा रंग वर आला. अजून तोंड दिसत नव्हतं, पण कोणीतरी समोर उभं आहे एवढं कळत होतं.

उरली सहावी दफा. यांनी कागद उजेडात धरला. "मोम की पतली तह लगाएँ, म्हणजे पातळ थर. थोडी देर छोड दें. फिर..."

त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला.

"फिर काय?" मी विचारलं.

"फिर भोक."

कसरीनं पुढचं सगळं खाल्लं होतं. आम्ही तिघांनी आळीपाळीनं त्या भोकातून पाहिलं. मला मांडवाचा खांब दिसला, गड्याला मी दिसले.

आता दोन प्रश्न होते. मोम आणायचा कुठून, आणि लावल्यावर पुढे काय करायचं. पहिला माझ्या अखत्यारीतला होता. मोम म्हणजे मेण, आणि मेण आमच्या घरात होतंच, कारण कपाळाला कुंकू लावायच्या आधी आम्ही बायका बोटानं मेण लावत असू. मेण नसलं तर कुंकू दुपारपर्यंत नाकावर येतं. ते मी घरीच करी. मधाच्या पोळ्याचं मेण वितळवायचं आणि त्यात खोबरेल तेल घालायचं. माझ्या मेणाचं आळीत नाव होतं. सकाळी लावलेलं कुंकू रात्री निजतानासुद्धा जागचं हलत नाही, असं सगळ्या म्हणत. त्या दिवशी मी पातेलंभर मेण केलं. मोटार मोठी, म्हणून तेल थोडं सढळ हातानं घातलं. कागदात "पतली" लिहिलं होतं, पण मेण पातेलंभर होतं आणि उरवायचं कशाला, म्हणून सगळं लावलं.

दुसऱ्या प्रश्नावर हे म्हणाले, "कायद्यात जे लिहिलेलं नाही ते करायचं नाही. 'छोड दें' लिहिलंय, सोडून द्या."

मी म्हटलं, "पुसायचं तर नसेल?"

सासूबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "मेण लावून पुसतेत का कुठं? आँ? तू कपाळाचं पुसतीस का? मेण लावायचं ते चिकटायलाच. मेणाच्या वर काय लागतं ते शेंबड्या पोरीला बी ठावं हाय."

कागदाचं आणि सासूबाईंचं एकमत झालं. असं घरात फार क्वचित होई, म्हणून मीही गप्प बसले. मोटार तशीच सोडली.

लग्नाच्या दिवशी सकाळी मांडवात पंगत बसायची म्हणून मोटार उन्हात काढली. वैशाखाचं ऊन. मेण हळूहळू मऊ झालं, आणि पाहिलं तर खरोखर चमकत होतं, तेलकट चमक. यांच्या चेहऱ्यावर महिन्याभरात पहिल्यांदा हसू आलं. जानवशावर, म्हणजे वऱ्हाड उतरलं होतं तिथे, जाऊन नवरदेवाला आणायचं होतं. निघण्याआधी आळीतल्या सवाष्णी मोटारीच्या पूजेला आल्या. पंधरा-सोळा जणी होत्या. प्रत्येकीनं चिमूट चिमूट हळदकुंकू टाकलं, अक्षता टाकल्या, फुलं टाकली.

एकही चिमूट खाली पडली नाही. माझं मेण होतं ते!

मी ओवाळणीचं ताट घेऊन मागे बसले, हे हाकायला, आणि गडी पायरीवर उभा, बकऱ्या हाकलायला. रस्त्यात सुटला वारा. बाजारातली धूळ, कडब्याचा भुसा, कापसाचे पुंजके, जे उडालं ते सगळं आमच्यावर येऊन बसलं आणि बसल्या जागी राहिलं. गडी पायरीवरून वाकून बघत होता. शेवटी त्याला राहवलं नाही. "मालक, शेंदूर फासलेला मारुती घेऊन चाल्ल्यासारखं दिसून राह्यलं."

यांनी मोटार आणखी जोरात हाकली. त्यांचे कान लाल झालेले मला मागून दिसत होते. मला वाटलं, ताट ठेवून उतरावं आणि सरळ माहेरी जावं. तेल मी घातलं होतं.

जानवशापुढे दमणी जुंपून तयार होती. बैलांची शिंगं आरशासारखी. आजोबा काठी टेकत आले, मोटारीभोवती एक फेरा घातला आणि म्हणाले, "वकीलसाहेब, मोटारीला गोवर आला का?"

सगळं वऱ्हाड हसलं. चार वकीलही होते, तेही हसले. यांनी घसा साफ केला. "अर्ज असा आहे की..." आणि पुढे शब्दच नाहीत. पंधरा वर्षं कोर्टात उभं राहिलेला माणूस! नवरदेव बाशिंग सावरत दमणीत जाऊन बसलासुद्धा.

आजोबांनी पुढच्या झाकणावर बोट टेकवलं, बोट चिकटलं, त्यांनी ते नाकाशी नेलं. "हे तर कुंकवाचं मेण हाय. लावलं कुणी?"

मी ताट घेऊन खाली उतरले. म्हटलं, "मी लावलं, आबा. कागदात मेण लावा लिहिलं होतं. पुढचं कसरीनं खाल्लं."

"अन् मंग पुढं काय केलं?"

"काही नाही. सोडून दिलं."

म्हातारा माझ्याकडे असा बघायला लागला जसं नांगर उलटा धरणाऱ्याकडे बघावं. "सोडून दिलं? अगं पोरी, आम्ही बी शिंगाला तेल लावतो. लावून सोडलं तर माशा बसतेत. लावलं की काढायचं असतंय. चोळून चोळून, अंगाला घाम फुटुस्तोवर. तवा कुठं चमकतंय." आणि बोलता बोलता त्यांनी पटक्याचा मागे सोडलेला शेमला पुढे ओढला आणि त्या झाकणावर चोळायला लागले. रागानं म्हणा, सवयीनं म्हणा. कुंकू निघालं, धूळ निघाली, तांदूळ उडाले. मेण उन्हानं मऊच होतं, ते शेमल्यावर आलं. आजोबा चोळतच राहिले. शेमला रंगपंचमीसारखा झाला. भाकरीएवढी जागा मोकळी झाली, काळीभोर, ओल्या जांभळासारखी. त्यांनी आणखी दोन हात मारले आणि थांबले.

ते खाली वाकले. डोकं उजवीकडे केलं, डावीकडे केलं. मग हळूच हात वर गेला आणि मिशीच्या टोकाला पीळ भरला.

वऱ्हाडातली माणसं माना पुढे करून बघायला लागली.

"दिसलं बा तोंड," आजोबा म्हणाले. मग भानावर आले. "पण भाकरीएवढ्याच जागंत."

तेवढ्यात यांना वाचा फुटली. "करार तोंडाचा होता, आबा. सगळ्या मोटारीचा नव्हता. आणि आपलं तोंड भाकरीहून मोठं आहे असं आपलं म्हणणं असेल, तर तसं सांगावं."

आजोबांनी वकिलांकडे पाहिलं. चौघांनीही मान डोलावली. म्हाताऱ्यानं एकदा मोटारीत पाहिलं, एकदा बैलाच्या शिंगात पाहिलं आणि नातवाला हाक मारली, "चल रे, उतर खाली! वकिलाच्या तोंडी कोण लागतंय. मोटारीत बस. पण आधी, अय, बसलात काय? उठा, फडकी घ्या, जल्दी!"

मग उपरणी निघाली, पंचे निघाले, वाजंत्रीवाल्यानं ताशाचं फडकं काढलं. अर्धं वऱ्हाड मोटार चोळत होतं आणि बाकीचं कुठे चमक कमी आहे ते दाखवत होतं. मुहूर्ताला थोडा उशीर झाला आणि गुरुजी चिडले, पण मोटार मंडपाच्या दारात आली तेव्हा त्यांनीही तिच्यात बघून गंध सारखं केलं. गोणपाटाचे ओरखडे मात्र तसेच राहिले. डावीकडून बघायचं नाही असं घरात ठरलं होतं.

त्या दिवशी संध्याकाळी यांनी कागदाला मागून ठिगळ लावलं. त्यावर त्यांच्या बारीक अक्षरात "फिर"च्या पुढे उर्दूत नाही, मराठीत लिहिलं: "चोळा. (आबा.)" पुढे मोटार होती तोवर दर दसऱ्याला आम्ही दोघं हा कागद समोर ठेवून ती धूत असू. वाचायची गरज कोणालाच नव्हती. तरी ते दफा एकपासून मोठ्यानं वाचत आणि सहावीला आले की माझ्याकडे बघून थांबत. "फिर?" मी म्हणायचं, "चोळा."

मेणाची माझी जुनी डबी परवापर्यंत फडताळात तशीच होती. आता ती कपाळासाठी लागणार नाही. फेकवेना. काल दुपारी मी त्यांचं लिहायचं टेबल सावलीत ओढलं, ओल्या फडक्यानं धूळ काढली, कोरडं केलं, आणि उरलेलं मेण पातळ लावलं. या वेळी खरोखर पातळ. कागद शेजारी ठेवला होता. थोडा वेळ थांबले. मग चोळायला घेतलं. हात आता लवकर भरून येतात.

गडी दारात टेकून बसला होता. आता त्याला नीट दिसत नाही, पण आवाजावरून त्याला सगळं कळतं. थोडा वेळ ऐकून तो म्हणाला, "असं न्हाई, वहिनीबाई. जोर लावा. म्हशीला घासल्यावानी."

मी म्हटलं, "टेबल बिचकेल रे."

"बिचकू द्या," तो म्हणाला. "तोंड दिसलं का?"

मी वाकून पाहिलं. अजून नव्हतं दिसत. मी पुन्हा चोळायला लागले.